हरभऱ्याचा लॉट आणि अकरा नावांचा एकच नंबर

१४ ऑक्टो., मंगळ.
सकाळीच बियाणे कंपनीचा फोन. आपण विकलेल्या हरभऱ्याच्या एका लॉटची उगवण कमी निघाली. गिऱ्हाइकांना कळवा, पेरू नका, पिशव्या बदलून देतो. सासरे, म्हणजे दिंद्रुडचे दुकानवाले आप्पा, म्हणाले, "नाव जाईल आपलं. पन कळवायचं. आजच."
सणाच्या शुभेच्छा धाडायला घेतलेलं मेसेजचं सॉफ्टवेअर आहेच. त्या लॉटच्या गिऱ्हाइकांची यादी चढवली. एकही नाव घेतलं नाही. सगळ्या ओळी लाल.

दुपारी
सापडलं! ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेलला मोठी संख्या वाटतो. फाइल सेव्ह करताना मागचे आकडे गाळतो. मूळ यादी शाबूत होती, तो रकाना 'टेक्स्ट' केला. नंबर बसले, तर मराठी नावांची प्रश्नचिन्हं. का? सेव्ह करताना मराठी अक्षरं टिकवणारं 'यूटीएफ-८' निवडायचं राहिलेलं. निवडलं, नावं परत आली. इतक्या घोरातही मजा वाटली. वाटायला नको होती.
संध्याकाळी मेसेज गेले.

१५, बुध.
रिपोर्टखाली एक ओळ होती, काल बघितलीच नाही. दहा नावं वगळली, नंबर दुबार. म्हणजे अकरा जणांचा एकच नंबर. सगळे तेलगावकडच्या एका वस्तीवरचे.
"आप्पा, असं कावून?"
"त्यांनी सांगितला त्यो लिवला. मी माझ्या मनानं कशाला लिहू?"
चूक समजून खोडणार होते. म्हटलं, लावून तर बघू.
एका बाईंनी उचलला. नाव किसनाबाई. "आवो ताई, वस्तीवर रेंज फकस्त माझ्या माळवदावर येती. समदे माझाच नंबर देतात."
मेसेज? "आलाय कायतरी. मला वाचाया येत न्हाई."
लॉटचं सांगितलं, नावं वाचत गेले. चौथ्याला त्यांनी थांबवलं.
"दगडू? त्यो तर तिफण घिऊन पेराया गेला की रानात!"
फोन माळवदावर, घराच्या मातीच्या छतावरच ठेवून गेल्या. नुसत्या हाका ऐकू येत होत्या, लांब लांब जाणाऱ्या. मी कान लावून बसले…

१६, गुरु.
किसनाबाईंचा फोन. दहा जणांच्या पिशव्या बंदच आहेत. दगडूचं मात्र अर्धं रान पेरून झालं होतं. मोडणार नाही म्हणतो, उगवतंय का बघू. उगवण कमी म्हणजे किती, कंपनी सांगत नाही. मलाही बघायचंय.
सॉफ्टवेअर उघडलं. मेसेज गेलेल्या प्रत्येक नावापुढं 'पोचला'. पोचला कुठं पण? कुणाच्या फोनवर? वाचून दाखवायला कुणी होतं का तिथं?
आप्पांना बोलले. त्यांनी चष्मा लावला, यादी पुढं ओढली. "वरून मी लावतो, खालून तू लाव."
माझ्या पहिल्या दोघांनी उचलला, पेरलं नव्हतं. खालून तिसरा नंबर. चार वेळा लावला. वाजतोय, उचलत नाहीत.