जामांची पिशवी

सोमवार, ७ एप्रिल
शेजारच्या प्रमिलाबरोबर बोईसरला, कामगार विम्याच्या कचेरीत. तिची औषधांची कंपनी जानेवारीत बंद पडली. तिथे ती गोळ्यांच्या पॅकिंगला होती. नोकरी गेलेल्याला कामगार विम्यातून तीन महिने निम्मा पगार मिळतो, हे मीच शोधून काढलं, अर्जही मीच भरला. मिळाला तर इथेच दुसरं काम बघायला सवड. नाहीतर वापीला भावाकडे. सासू, वाडी, सगळं मागे टाकून.

खिडकीवरचे गृहस्थ बरे निघाले. कागद चाळून म्हणाले, "कंपनीचा दुजोरा लागेल, ताई. पत्रात महिने जातील. त्यांच्या माणसाचा नंबर आहे, मी फोन करतो."

इथवर ठीक. मग प्र.ने पिशवी काढली. वाडीतले पांढरे जाम, झाडावरून ताजे उतरवलेले. "सायेब, घरचेच हायेत. पोरांना न्या."

मी म्हटलं, रांगेला ऐकू जाईल असं: "ठेव ती पिशवी! हक्काच्या पैशाला लाच कसली? आणि हे घेतात तरी कसे?"

त्यांनी हातही लावला नव्हता. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे, मॅडम. नियमानेच जाऊ. कंपनीला पत्र पाठवतो. उत्तर आलं की कळवू." फोनचं नाव नाही.

येताना प्र. खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर.

मंगळवार, ८
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरना साधं फूल दिलं तरी त्या परत करायच्या. आम्ही तशा वाढलो. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी कुंपणापाशी प्र. म्हणाली, "टीचर, कोनाच्या दारात मोकल्या हाताने जातात काय? मी काय पैशे दिले?"
म्हटलं, ते दार नव्हे, सरकारी खिडकी आहे.
"आत मानूसच बसलाय ना?" आणि गेली.


शुक्रवार, ११
एकटीच कंपनीवर गेले. रिक्षावाल्याने उन्हात दोनदा रस्ता चुकवला. गेटला साखळी. वॉचमन खाटेवरून उठला देखील नाही. "मैडमजी, यहाँ चिट्ठी लेता कौन है? डाकिया गेट में खोंस के चला जाता है."
खरंच खोचलेली होती. उन्हाने पिवळी पडलेली. प्र.च्या कामाचं पत्रही इथेच येणार आणि असंच…

मंगळवार, १५
खिडकीवरच्या गृहस्थांची वरिष्ठांकडे तक्रार लिहिली. इंग्रजीत, दीड पान. झकास उतरली. प्र.ला बोलावून मराठीत सांगितली. तिने हात जोडले, खरोखरचे. "तुमी आता काय नका करू, टीचर. पाया पडते."
फाडली नाही. कपाटात टाकली.

माझ्या फाटकाला सात तारखेपासून प्र.ची पिशवी नाही. एरवी आठवड्याला एक तरी टांगलेली असते. तोंडली, शेंगा, कधी केळफूल. तिला मी कधी लाच म्हटलं नाही. भाजी केली, खाल्ली. शेंगा जून निघाल्या तर तेवढं सांगितलं.

गुरुवार, १७
सकाळी प्र. एकटीच एसटीला. हातात तीच पिशवी, भरलेली. मला हाक नाही. मी पडद्याआड.

संध्याकाळी तिची सासू आपणहून सांगत आली. "सायबाने जाम घेतले. सगल्या हापिसात वाटले. फोन पन लावला, पन कंपनीवाला उचलत नाय. परत लावतो बोलला. तुमची पन चवकशी केलीन, त्या मॅडम नाय आल्या? परमिला बोलली, त्यांना बरं नाय."

बरं नाय. माझ्यासाठी खोटं बोलली, तेही कुणी न सांगता, माझी अब्रू राखायला.

"रविवारी भाऊ येतोय वापीशी," म्हातारी जाता जाता म्हणाली. "सामान बघायला."

शनिवार, १९
प्र.कडे निघाले. कुंपणापाशी हाताकडे लक्ष गेलं. रिकामे. तिच्याकडे कधी काय घेऊन गेले होते? सल्ला. दर वेळी सल्ला.

माघारी आले. द्यायला घरात ब्रेड आणि माझी औषधं. मग सिस्टरनी शिकवलेला स्पंज केक केला. पहिला बसला. दुसरा बरा, तिसराही. दोन डबे झाले.

रविवार, २०
भाऊ आला आहे. ओसरीवर दोन गाठोडी, एक बांधलेलं, एक उघडं. डबा पुढे केला.
"ह्ये कशाला, टीचर?"
"घरचाच आहे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. घेतला. हसली नाही. फोन लागला का, हे माझ्या तोंडून निघेना.
"मंगलवारपर्यंत वाट बगते," तीच म्हणाली.

दुसरा डबा ओट्यावर. उद्या सकाळची एसटी. बोईसरच्या खिडकीत ठेवला आणि ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे काय, लाच?" तर? म्हणू देत. रांगेला ऐकू जाईल असं म्हणू देत. फक्त नंतर कंपनीच्या माणसाला पुन्हा एकदा फोन लावू देत.

झाकण घट्ट बसत नाहीये. दोरी शोधते.