डावा कान, एकसष्ट टक्के

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून तर नेहमीच असतो, या खेपेला हातही थरथरतोय, तेव्हा अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. एकटीनेच बस आणि एकटीनेच लाव. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला उतरला का? इकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायचं असतं म्हणून लिहिते, आणि ते खोटंही नाही. फक्त गेले तीन दिवस मला घास गिळवत नाहीये, आणि मागून कुणी नुसतं "अगं" म्हटलं तरी छातीत धस्स होतं.

गुरुवारपासून मी तुझा एकही फोन उचललेला नाही. तू रुसली असशील. मी रुसलेली नाही, घाबरलेली आहे. कारण समजलं की तूही तुझा फोन जरा लांबच ठेवशील. कागदाचं एक बरं असतं, तो कुणाच्या कानात शिरत नाही.

तर आमच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, दोन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांना मशीनं घेतली, हे तुला ठाऊक आहे. शेंगदाण्याएवढी असतात, आणि झोपताना एका डबीत चार्जिंगला ठेवायची. त्यांचं एक अ‍ॅपही असतं. बाबांचा फोन साधा बटणांचा, त्यामुळे अ‍ॅप माझ्या फोनवर घातलं. (ही सगळ्या अनर्थाची सुरुवात. पण ह्यांना ऑफिसात फोन चालत नाही आणि कन्येने फोन देण्यापेक्षा एखादा दात दिला असता.) गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास अ‍ॅपने सांगितलं की मशीनांसाठी नवीन अपडेट आलंय. मी बाबांची मशीनं मागून घेतली, डबीत ठेवली, बटण दाबलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की काम पूर्ण होईपर्यंत फोन डबीपासून दूर नेऊ नका. मी ते वाचलं होतं, ताई. वाचलं नव्हतं असं मी जगाला सांगते, पण तुझ्याशी काय लपवायचं. उजवं पूर्ण झालं, हिरवा दिवा लागला. डावं एकसष्ट टक्क्यांवर होतं आणि तुझा फोन आला. मी फोन उचलला आणि बोलत बोलत गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. पाऊण तासाने खाली आले तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं, म्हणून मी समजले की झालं. मशीनं बाबांच्या कानात घातली. ते म्हणाले, डाव्यात टुकटुक वाजतंय. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल.

रुळलं नाही. आवाज वाढवला की फक्त उजवं वाढायचं. डावं मध्येच गप्प व्हायचं, मध्येच खरखरायचं. त्याच दिवसापासून माझ्या फोनमधला आवाजही बारीक झाला. तुला आठवत असेल, मी सारखी "काय? काय म्हणालीस?" करत होते आणि तू तेच तेच चारचारदा सांगत होतीस. आपल्याला ऐकू कमी आलं की आपण उगाच ओरडून बोलतो, तशी मी स्वयंपाकघरात उभी राहून ओरडत होते. दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मशीनची जाळी ब्रशने साफ केली, रबराची टोपी बदलली, फोन बंद करून चालू केला. (हा ह्यांचा सल्ला. मिक्सरपासून माझ्या डोकेदुखीपर्यंत ह्यांचं औषध एकच, थोडा वेळ बंद ठेव.) काही फरक पडला नाही.

फरक पडला तो बाबांमध्ये. मी तुझ्याकडे किती रडले होते, ओला टॉवेल खुर्चीवर टाकतात, साखरेच्या डब्यात ओला चमचा घालतात, फ्रिज उघडून समोर ध्यान लावून उभे राहतात. बुधवारी टॉवेल दोरीवर. गुरुवारी साखर कोरडी. शनिवारी तर मी स्वतः पाहिलं, फ्रिज उघडला, लोण्याचा डबा उचलला, फ्रिज बंद. चार सेकंद! मी आनंदाने तुला फोन करून सांगितलं, आठवतंय? माणूस या वयात सुधारतो, असं तू म्हणालीसही.

मग हा गुरुवार उजाडला. मी स्वयंपाकघरातून पडदे शिवणाऱ्या बाईला फोन लावला होता. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. फोन माझ्या कानाला घट्ट लावलेला, स्पीकर बंद. ती बारीक आवाजात काहीतरी म्हणाली, मला नीट कळलं नाही, म्हणून मी विचारलं, "किती म्हणालात?" आणि बाहेरून बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "अर्धा मीटर आणखी लागेल म्हणतेय. एवढं लागत नाही. खिडकी मोज परत."

ताई, माझ्या हातातली पळी खाली पडली. ती बाई फोनवर हॅलो हॅलो करत राहिली. मी पाच मिनिटं ओट्याला धरून उभी होते. मग फोन उघडून नऊ दिवसांचे दिवसाचे कॉल मोजले. सात निघाले. एक गॅसवाल्याचा, एक कन्येच्या वर्गशिक्षिकेचा. बाकीचे पाच तुझे.

त्या पाच फोनांत आपण काय बोललो ते तुला वेगळं सांगायला नको. टॉवेल आणि साखर राहू दे. "ऐकू येत नाही हे निम्मं नाटकच असतं," हे सोमवारी झालं. आणि रविवारी ते खोलीचं. कन्येचं बारावीचं वर्ष, तिला टेबलाला जागा नाही, बाबा वर्षभर मोठ्या दिरांकडे गेले तर ती खोली मिळेल. टॉवेल कोरडा का झाला ते मला आत्ता कळत होतं, आणि एकेक कळेल तसा घाम फुटत होता. चांगलं वागणारा माणूस इतका भयंकर दिसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी त्यांनी स्वतःची कपबशी विसळून पालथी घातली. ती बघून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या खोलीत केर काढायला गेले तर माळ्यावरची बॅग खाली आलेली. उघडी, उन्हाला लावलेली. शेजारी दोन सदऱ्यांच्या घड्या, आणि त्यांवर सासूबाईंचा छोटा फोटो कागदात गुंडाळून ठेवलेला. मी केर तसाच टाकला आणि त्यांना म्हटलं, "बाबा, कानाच्या दवाखान्यात जाऊन येऊ या. डावं नीट चालत नाही ना?" ते म्हणाले, "चालतं की. पण तू म्हणतेस तर चल." हे "चालतं की" त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज रस्ताभर माझ्या पाठीशी चालत होता.

दवाखान्यात मशीनं बघणाऱ्या बाई आहेत, शांत, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. त्यांनी बाबांची दोन्ही मशीनं काढून घेतली, तारा लावल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अपडेट अर्धवट राहिलंय. उजवं नवीन झालं, डावं मध्येच अडकलं. आता ही दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. डावं एकटं पडलं म्हणून त्याने तुमचा फोन धरून ठेवलाय. फोनवर जे ऐकू येतं ते निम्मं तुमच्याकडे, निम्मं यांच्या डाव्या कानात."

"कधीपासून?" मी विचारलं. (आशा बघ माणसाची.)

"मंगळवार, अकरा वाजून बारा मिनिटं. त्या वेळी फोन लांब नेला होतात का?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. मग काम सुरू झालं. आधी फोनला दोन्ही मशीनं विसरायला लावली. अ‍ॅप काढून पुन्हा घातलं. त्याने पासवर्ड मागितला, तो मला आठवेना. तिसऱ्या खेपेला जमला. अपडेट चौदा टक्क्यांवर थांबलं, कारण माझ्या फोनची बॅटरी निम्म्याच्या खाली होती. फोन चार्जिंगला लावून पुन्हा पहिल्यापासून. बाई म्हणाल्या, वीस मिनिटं, डबी आणि फोन टेबलावर शेजारी शेजारी, हात लावायचा नाही, काही झालं तरी. आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. बाबा कानांशिवाय, म्हणजे ठार बहिरे, माझ्यासमोर बसलेले, टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या कानाकडे कौतुकाने बघत. मधूनच माझ्याकडे बघून हसायचे. त्रेचाळीस टक्क्यांवर तुझा फोन आला. पडद्यावर तुझं नाव, फोन टेबलावर घोंगावणाऱ्या भुंग्यासारखा फिरतोय, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. तू तीनदा केलास. तिन्ही वेळा टक्के थांबले आणि माझा श्वासही. मग पुन्हा चालू झाले. शंभर झालं तेव्हा दोन्ही दिवे हिरवे लागले आणि बाईंनी मशीनं बाबांच्या कानात बसवली.

बाहेर जिन्याशी एक बाक आहे. बाबा म्हणाले, जरा बसू. मी बसले.

ते म्हणाले, "पहिल्या दिवशी वाटलं रेडिओवर श्रुतिका लागलीय. छान चाललं होतं. मग त्यात माझा टॉवेल आला."

मी पर्स उघडून दवाखान्याची पावती शोधायला लागले.

"तुझ्या बहिणीचं मनाला लावून घेऊ नकोस. तिला वाटतं तुला फार काम पडतं, म्हणून बोलते ती. तू काय उत्तर देत होतीस ते मला ऐकू आलं नाही, फक्त तिचंच यायचं. पण एवढं मला कळतं मुली, समोरच्याला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं, म्हणजे इकडून कुणीतरी नाही म्हणत असतं. रविवारी तिने चारदा सांगितलं, पाठव त्यांना मोठ्याकडे. चार वेळा तू नाही म्हणालीस. माझ्यापायी तुम्ही बहिणी भांडायला नकोत, म्हणून बॅग काढली. दुसरं काही नाही."

ताई, तू चारदा का सांगितलंस ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. फोनचा आवाज बारीक होता. त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी म्हटलं, "बाबा, बॅग वर ठेवा. कुठेही जायचं नाही." आणि म्हणून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं, कारण मी ते मनापासून म्हटलं होतं. कन्येचं टेबल आमच्या खोलीत खिडकीखाली लागतंय. मी मोजलं, कपाट वीतभर सरकवलं की बसतं. हे आधी का मोजलं नाही, ते विचारू नकोस.

ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. भाऊजींनाही कळू देऊ नकोस. पाठीची काळजी घे.

तुझीच,
धाकटी

ता. क. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पुढच्या महिन्यात तू आमच्याकडे येणार आहेस. बाबांच्या लेखी मला भर देणारी, टॉवेलचा विषय काढणारी, त्यांना घराबाहेर काढणारी तू आहेस आणि मी त्यांची बाजू घेऊन लढणारी. हे तसंच राहू दे. खोलीचा विषय मीच काढला होता, तू फक्त "हो, पाठव ना मग" म्हणालीस, हे मला मान्य आहे आणि देवाशपथ मी ते विसरणार नाही. पण तू दोन दिवसांची पाहुणी आहेस, मला रोज त्यांच्यासमोर चहा ठेवायचा आहे. तेव्हा येशील तेव्हा जरा खाली मान घालून वाग. जमलं तर त्यांची माफी माग. एवढं तुझ्या धाकटीसाठी कर.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात त्या दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला, सगळं नीट चाललंय ना विचारायला. (मी आता फोन जिन्यात जाऊन घेते.) मी सहज म्हटलं, बरं झालं, नऊ दिवस बिचाऱ्यांना फक्त पलीकडचंच ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, डाव्यातून हो. पण उजवं पूर्ण अपडेट झालं होतं. नव्या अपडेटमध्ये लांबचं बोलणं उचलण्याचीच सुधारणा आहे, बंद दारामागचंसुद्धा स्पष्ट येतं, त्यांना नऊ दिवस उजव्या कानाने घरातलं सगळं उत्तम ऐकू येत असणार.

मी जिन्यात खाली बसले, ताई. वर येऊन बघितलं तर बॅग माळ्यावर गेलेली आहे, सासूबाईंचा फोटो भिंतीवर आहे, आणि बाबा कन्येच्या टेबलाचा पाय डुगडुगतो म्हणून खाली पुठ्ठा सारतायत. मला म्हणाले, "तुझ्या ताईला पत्र लिहितेस ना? ये म्हणावं. माझा तिच्यावर काही राग नाही."

तेव्हा वर लिहिलंय त्यात मी काही खोडत नाही. तू आलीस की गुन्हेगार तूच. त्यांनी तसंच ठरवलंय.