डिंकाच्या लाडवांचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

कादंबरी फाडावी की ठेवावी, ठरत नाही.

पुतणी मधुरा सावद्याहून आली होती, हस्तलिखित वाचून गेली. तिचं बाळ जर्मनीत जन्मतःच गेलं. वहिनीने वेळेत पोचावा म्हणून आधीच कुरिअरने पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा त्यानंतर आठवड्याने तिथे पोचला. नवऱ्याने, नीलेशने, तो गाडीत लपवला आणि रोज पार्किंगमध्ये बसून एकेक लाडू खाल्ला. मधुराला रिकामा डबा सापडला. बाळ गेलं आणि हा बाळंतिणीचे लाडू खात बसला, म्हणून ती माहेरी निघून आली.

नीलेश मला फोनवर म्हणाला होता, "काका, तिला दाखवता येईना, अन् टाकवतही नव्हते. आईंच्या हातचे होते." कुणाला सांगू नका, असंही म्हणाला. मी सांगितलं नाही. कादंबरीत घातलं, तेही विनोदी प्रकरण करून. हसवायची खाज, दुसरं काय?

मधुरा हसली नाही. "हे तो बोलला, का तुम्ही रचलं?"

"तो बोलला."

"काका, तुम्ही आयुष्यभर रचतच आलात."

एकदा खरं बोललो, तर त्याला गिऱ्हाईक नाही.

दारात चप्पल घालताना म्हणाली, "आई अजून विचारते, तो डबा कधी येणार. तिचं नाव कोरलंय ना त्यावर."

डबा नीलेशकडेच आहे. आणायला जाशील का, एवढंच विचारायचं होतं.

मी विचारलं, "सावद्याची बस मिळेल ना गं आता?"