बोलणीदाराच्या खुर्चीचा वारस

मी, व्यापारी मंडळाच्या सेनेतली बोलणीदार, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या घराण्यातली थोरली मुलगी, घरात आणि बाजारात 'पुन्हामोज' या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. 'दडपणाखाली न येता' हे शब्द मी खोडून पुन्हा लिहिले, कारण आत्या शेजारीच बसली आहे. ती म्हणते, "मी कुठे दडपण आणतेय? मी नुसती बघतेय." तर तिच्या नुसत्या बघण्याखाली लिहीत आहे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवताना थोडी अडचण आली. सेनेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "उद्या शत्रूच्या जहाजावर एकटी जाणार? हत्याराशिवाय? आणि स्वखुशीने?" मी हो म्हटले. "मग बुद्धी ठिकाणावर आहे असं मी कसं लिहू, पोरी?" शेवटी त्यांनी 'नाडी नियमित, प्रश्नांची उत्तरे नको तितकी सविस्तर' असे लिहून शिक्का मारला. तेवढे कायद्याला पुरते, असे मृत्युपत्र नोंदवणारे लेखनिककाका म्हणतात.

माझे पद काय आहे ते इथे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कळणार नाहीत. आमच्या ताऱ्यांवर राजा नाही, मंडळ आहे. त्यात धान्यवाले, जहाजवाले, कापडवाले बसतात आणि पाळीपाळीने तेच सेनापती होतात. सध्याचे सेनापती गालिचेवाले आहेत. सेनेतले प्रत्येक पद दुकानाच्या गाळ्यासारखे विकत मिळते आणि धन्यामागे वारसाकडे जाते. मात्र मंडळाच्या मूळ कायद्याचे पहिले वाक्य अजून कोणी बदललेले नाही: आधी भाव, मग घाव. बोलणीदाराने शत्रूसमोर बसून भाव विचारल्याशिवाय आमची एकही तोफ उडू शकत नाही. बैठक मोडली असे सेनापतींनी जाहीर केले की मग उडू शकते. तोवर बोलणीदार परतलेला असावा, अशी अपेक्षा आहे. कायद्यात 'अपेक्षा' हाच शब्द आहे. माझ्या आधीचे बोलणीदार शत्रूच्या दारात बूट घालत होते, तेवढ्यात आमच्याच सेनापतींनी बैठक मोडल्याचे जाहीर केले.

त्यांना वारस नव्हता, म्हणून त्यांची खुर्ची मग लिलावात निघाली.

आता वाटणी.

एक. बंदराच्या मागच्या गल्लीतले दुकान आणि वरची खोली यांतला माझा हिस्सा आत्याला मिळावा. बाजारात तिला 'कानस' म्हणतात, कारण तिच्याशी बोलून गेलेला माणूस थोडा झिजूनच जातो. माझ्या धाकट्या बहिणीला आणि मला तिनेच वाढवले आणि शिकवले. शाळा आम्हाला फार उशिरा मिळाली. तोवर वाचन काट्यांच्या पट्ट्यांवरून आणि गणित वजनांवरून झाले. घासाघीस शिकायला वेगळा वर्ग नव्हता. आमच्या घरात उशीसुद्धा मागून मिळत नसे, तीन कारणे द्यावी लागत. दुसरे कारण पहिल्याचेच रूप असेल तर आत्या म्हणायची, "हे मोजून झालंय. नवीन आण." मी इतकी चाचरत बोलते, तरी समोरच्याला शेवटपर्यंत सोडत नाही, ते यामुळे. दुकान आत्याने मामाला अत्तराच्या दुकानासाठी देऊ नये. त्याने अजून विचारलेले नाही, पण तो खिडकीचे माप घेताना दिसला आहे.

दोन. शेजारच्या दोरखंडवाल्याच्या पाटीने आमच्या खिडकीतला उजेड अडतो. मी त्यांना अनेकदा नम्रपणे सांगितले. आता मेल्यावर नम्र राहण्याची गरज नसावी, म्हणून इथे स्पष्ट लिहिते: पाटी काढा. (आत्या म्हणते, हे फारच नम्र झाले. पण मला याहून कडक जमत नाही.)

तीन. माझे बारीक चिमटे, भिंग आणि पितळी वजनांची पेटी धाकटीला द्यावी. पेटीतले सर्वांत लहान वजन हरवले होते, त्या जागी मी नवे घडवून ठेवले आहे. ते बरोबर आहे. मी पुन्हा मोजले आहे. माझी जी काही बचत आहे ती तिच्या जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी वापरावी आणि उरली तर तिने ती उडवावी. उडवण्याची परवानगी लेखी असावी, म्हणून लिहिली.

चार. मामाला काहीही ठेवलेले नाही. याचा अर्थ राग असा लावू नये. म्हणजे राग आहे, पण कारण ते नाही. बोलणीदाराची खुर्ची लिलावात त्यानेच घेतली आणि माझ्या वाढदिवसाला दिली. म्हणाला, "सेनेतली नोकरी, बसून काम, वर शिवाय गणवेश! आणि मिळाली किती स्वस्तात!" ज्या राज्यात लहान मूलही स्वस्त वस्तू उलटी करून बघते, तिथे खुर्ची स्वस्त का, हे एकट्या मामाने विचारले नाही. कळले तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसून रडला आणि खुर्ची परत घ्यायला लिलाववाल्यांकडे दोनदा जाऊन आला. ते खुर्च्या परत घेत नाहीत. मामा, मी तुला माफ केले आहे. राग वेगळा.

पाच. आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते कलम. उद्या बर्फाच्या चंद्रावरच्या लोकांशी माझी तिसरी बैठक आहे. त्यांनी स्वतः तोडलेल्या बर्फावर मंडळाने जकात वाढवली, म्हणून त्यांनी आमच्या जहाजांची वाट अडवली आहे. आमच्या तोफा भाड्याच्या आहेत आणि सेनापती जहाजभर "भाडं चालू आहे, भाडं!" म्हणत फिरतात. मी परत येईपर्यंत ते थांबतील, असे मला वाटत नाही. आणि मी परतले नाही, तर कायद्याने माझे पद धाकटीकडे जाते.

धाकटी घाबरत नाही, हीच भीती आहे. ती "जाईन की, त्यात काय!" म्हणून बसली आहे. पण तिला घासाघीस येत नाही. बाजारात दुकानदार दमलेला दिसला तर ती वरचे पैसे देऊन येते. शत्रूने एक सुस्कारा टाकला, तर ती त्याला दोन तारे देऊन टाकेल आणि निरोप घेत दारातच उभी राहील. बूट घालायलासुद्धा तिला वेळ लागतो.

म्हणून मी लेखनिककाकांना विचारले, "पद कोणालाच नाही ठेवलं तर?"

"आपल्या राज्यात फुकट काही जात नाही, बाई. धाकट्या बहिणीकडे जाईल."

"मला दे," आत्या म्हणाली. "शत्रूशी घासाघीस! जन्मभर गिऱ्हाइकांवर वाया गेले मी."

"तुझे गुडघे, आत्या. त्या नावेत चढायला शिडी आहे."

"मग त्यांना इकडे बोलाव."

काकांनी वारसाच्या अटी वाचून दाखवल्या: सज्ञान असावा, वजनमाप कळावे, हयात असावा.

"तो आपल्याच राज्यातला असावा, असं आहे का हो?" मी विचारले.

काकांनी कागद उलटापालटा केला. "पूर्वी होतं. पण परक्यांनाही पदं विकता यावीत म्हणून मंडळानंच ते काढलं. गिऱ्हाईक वाढतं ना."

मी त्यांच्याकडून ते पुन्हा वाचून घेतले. मग आत्यानेही वाचले.

त्यानुसार मी असे लिहून ठेवते की, माझ्या मृत्यूनंतर, तो कोणाच्याही तोफेने होवो, बोलणीदाराचे पद आणि खुर्ची बर्फाच्या चंद्राच्या वतीने माझ्यासमोर बसणाऱ्या म्हाताऱ्या बर्फतोड बाईंना मिळावी. त्या सज्ञान आहेत, लादी नुसती उचलून वजन सांगतात, आणि हयात आहेत. त्या आमच्या बोलणीदार झाल्या की त्यांनी भाव विचारेपर्यंत आमची तोफ उडू शकणार नाही. बाई सावकाश बोलतात. मागच्या बैठकीत नुसते 'नाही' म्हणायला त्यांना पेलाभर गरम पाणी संपवावे लागले. त्या घाई करणार नाहीत, असा मला विश्वास आहे. त्यांच्यावर हे लादते आहे याचे वाईट वाटते. त्यांना पद नको असेल, तर तसे त्यांनी आमच्या सेनापतींना समोर बसून, सावकाश सांगावे.

पुरवणी. पद सेनेचे असल्याने एक साक्षीदार म्हणून सेनापती हवेत, म्हणून काका त्यांना घेऊन आले. त्यांनी पाचवे कलम उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले.

"म्हणजे तू मेलीस तर तोफा बंद?"

"हो, साहेब."

"किती दिवस?"

"ते बाईंवर आहे, साहेब."

"आणि भाडं?"

"ते चालू राहील, साहेब. मी करारही वाचलाय."

सेनापतींनी बोटांवर भाड्याचा हिशोब केला. मग त्यांनी दाराकडे बघून हुकूम दिला की बोलणीदार आपल्या जहाजात चढून, दार लावून, स्वतःच्या तोंडाने 'आले' म्हणेपर्यंत बैठक मोडल्याचे कोणीही जाहीर करायचे नाही. हा हुकूम मी लेखी मागितला. तो मिळाला. त्यावर तारीख नव्हती, तीही घालून घेतली.

दुसरा साक्षीदार मामा आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, हे त्याला आत्ता कळले. "म्हणून मला काही नाही होय!" म्हणत त्याने इतक्या आनंदाने सही केली की ती ओळीबाहेर गेली आहे. ती त्याचीच आहे, कोणी शंका घेऊ नये.

हे सर्व मी वाचले, आत्याने मोठ्याने वाचले, आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

लिहून देणार: पुन्हामोज, बोलणीदार

साक्षीदार पहिले: सेनापती, गालिचेवाले ('धावत ये' असे सहीखाली त्यांच्याच हातचे)

साक्षीदार दुसरे: मामा

ठिकाण: काटेवाल्यांचे दुकान, बंदराच्या मागची गल्ली

दिनांक: तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी

नक्कल एक: सेनेच्या दप्तरात. नक्कल दोन: माझ्या खिशात, बर्फतोड बाईंना बसल्या बसल्या आधी हीच वाचायला द्यावी म्हणून. भाव त्यानंतर विचारीन.