अदितीच्या एटीव्हीचा लोड

१६ नोव्हेंबर २०१४, रविवार

परत बंद पडली! अदिती फोनवर रडकुंडीला आलेली. "आई, अर्धा रस्ता साफ केला आणि डेड! ड्यूटीवर कशी जाऊ आता?"

लेक कॅनडात, सस्कॅचवानमध्ये, गावाबाहेरच्या शेतघरात राहते. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात नर्स. घर मिसेस ओल्सनचं — एकट्या, सत्तरीच्या पुढच्या. खाली त्या, वर ही. घरापासून हमरस्त्यापर्यंत लांबलचक कच्ची वाट. बर्फ पडला की तो काढायचं काम हिचं. त्यासाठी ओल्सनकाका मागे ठेवून गेलेली एटीव्ही — चार जाड चाकांची मोटरसायकलच ती — पुढे लोखंडी पातं बसवलेली. पातं उचलायला दोर गुंडाळणारा विजेवरचा विंच. आणि दोन-चार फेऱ्यांत बॅटरी मान टाकते.

एप्रिलमध्ये तिचा करार संपतो. मग येईल इकडे. तेवढा हिवाळा निभावायला हवा.

१८ नोव्हेंबर

जन्मभर विजेची कंट्रोल पॅनेल केली मी. पोरीच्या गाडीचं कोडं सुटू नये?

फोटो मागवले. बघते तर काय — दोन मोठे हॅलोजन दिवे, हँडलच्या मुठी गरम करणाऱ्या तारा, अंगठ्यापुरती वेगळी गरम पट्टी! काका हौशी होते म्हणायचे. इंजिन वीज बनवतं, पण जोरात फिरलं तर. बर्फ ढकलताना गाडी गोगलगाईसारखी चालते, म्हणजे वीज येते थोडी आणि जाते भरमसाट. त्यात प्रत्येक वळणावर पातं उचलायचं. विंच एका झटक्यात बॅटरीचा जीव काढतो.

पण इतक्या लवकर? काहीतरी राहतंय.

२१ नोव्हेंबर

थंडी राहत होती! मी इथे विषुववृत्तापाशी घामाघूम, मला कुठली सुचायला.

बुकित बातोकच्या आमच्या वर्कशॉपात तसल्याच मापाची एक सीलबंद बॅटरी पडली होती. काल ती पँट्रीच्या फ्रीझरमध्ये ठेवून आले. सकाळी आमचे साहेब मिस्टर लिम आईस्क्रीम काढायला गेले आणि ओरडलेच — "सुचित्रा! बॅटरी फ्रीझ करते? व्हाय लाह?"

वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. सगळं सांगितलं. एकटी मुलगी, बर्फ, विंच. मग ते स्वतःच मीटर घेऊन आले. "कम, वी टेस्ट." दोघांनी मिळून तिच्यावर लोड टाकला, म्हणजे एकदम भरपूर वीज ओढली. गार बॅटरीचा व्होल्टेज असा धाडकन खाली आला की मिस्टर लिम म्हणाले, "वा, लाइक मी बिफोर कॉफी."

किती भला माणूस! आईस्क्रीम दुसरीकडे हलवून फ्रीझरचा कप्पा मला दिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

अदितीला सांगितलेलं: बॅटरी रोज घरात आणायची, चार्जरला लावायची. हॅलोजन काढून एलईडी लावायचे, व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर बसवायचा. खालचा गिअर टाकायचा, म्हणजे गाडी सावकाश पण इंजिन जोरात. पातं उचलायच्या आधी थांबायचं, न्यूट्रल, दिवे आणि मुठींची ऊब बंद, थोडी रेस द्यायची — मग विंच. आणि बॅटरीची काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलीय तिथला गंज घासायचा.

"आई, हे तर आयसीयूसारखं झालं. कोणाला आधी ऑक्सिजन द्यायचा!"

बरोब्बर. माझी पोर!

३० नोव्हेंबर

पूर्ण वाट साफ! एकदाही बंद पडली नाही!!

१४ डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. पूर्वी अदितीचा फोन म्हणजे — जेवलीस? हो. बरी आहेस? हो. ठेवते. आता गाडीपासून सुरू होतं आणि कुठल्या कुठे जातं. वॉर्डातली म्हातारी, तिथलं आकाश. मिसेस ओल्सन तिच्यासाठी सूप राखून ठेवतात, उशीर झाला तर पोर्चचा दिवा लावून बसतात. आज फोनवर आल्या. "सूचिट्रा, यू हॅव अ गुड गर्ल." माझ्या लेकीची वाट बघणारं तिथे कुणीतरी आहे, हे केवढं!

रवींद्र म्हणतो, "नवऱ्याशीसुद्धा इतकं बोलत नाहीस." बोलतो आणि चहा आणून देतो. त्याचेही आभारच.

१८ जानेवारी २०१५, रविवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरत होतो. तिकडे शनिवारची संध्याकाळ, अंधार पडलेला. अदितीचा फोन — आवाज एकदम शांत, नर्सचा. मिसेस ओल्सनच्या छातीत दुखतंय. अॅस्पिरिन दिलीय. अँब्युलन्स निघालीय, पण वाट बर्फाने बुजलीय. शेजारीण येऊन त्यांच्यापाशी बसलीय, चालत आली बिचारी. "आई, मी पातं घेऊन निघते. तू फक्त लाइनवर राहा."

फोन तिने टोपीच्या आत खोचला. इकडे सायकलवाले घंटी वाजवत जातायत, ऊन चटका देतंय, आणि मी बाकावर फोन कानाशी घट्ट धरून. रवींद्र माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा.

"व्होल्टेज उतरतोय, आई."

"मुठी बंद कर."

"बोटं गळतील!"

"बाळा, बंद कर. दिवाही एकच ठेव."

प्रत्येक वळणावर ती थांबायची. दिवा बंद. अंधारात विंचचा कण्हल्यासारखा आवाज. मग "लागला दिवा!" — आणि मी श्वास सोडायचे. असं किती वेळा झालं, देव जाणे. एकदा विंच मध्येच अडकला. मी म्हटलं, "घाई नको. रेस दे, थांब, बॅटरीला दम खाऊ दे." थांबली. मी देवाचं नाव घेतलं. उचललं गेलं पातं!

मग ती नुसतीच म्हणाली, "लाल दिवे दिसतायत."

फोन बंद.

दुपारी कळलं. मिसेस ओल्सन हॉस्पिटलात वेळेत पोचल्या. हार्ट अॅटॅकच होता. वाचल्या!

रवींद्र कधी रडत नाही. आज रडला. मी नाही — मला भूक लागली होती. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर जाऊन दोघांनी पोटभर खाल्लं.

१९ जानेवारी

मिस्टर लिमना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर संत्र्यांची पिशवी.

अदितीच्या दोन बोटांच्या टोकांना अजून नीट स्पर्श कळत नाही. येईल म्हणते. मी "मुठी बंद कर" म्हटलं होतं... तिला म्हटलं तसं. हसली. "आई, मुठी चालू असत्या तर मिसेस ओल्सन गेल्या असत्या."

१५ फेब्रुवारी

मिसेस ओल्सन घरी आल्या. अदिती त्यांना वाटी-चमच्याने मऊ भात भरवते. मेतकूट घालून! त्यांना फार आवडलं म्हणे. आज आणखी मेतकूट पार्सल केलं.

८ मार्च, रविवार

अदितीचा फोन. "आई, हॉस्पिटलवाले विचारतायत, करार वाढवशील का." मग मिसेस ओल्सनच्या औषधांचं सांगत बसली. मी तिच्या येण्याचे दिवस मोजत होते, तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, राहा.