सहा स्पीकर, दोन वाटे

मुक्काम मुरुम
रविवार, दुपारचे अडीच

तीर्थरूप शरणाप्पा मामा यांच्या पायांवर डोकं ठेवून (उजवा गुडघा सोडून, कारण तो सुजलाय असं मामी फोनवर म्हणाल्या) शिवगंगा हे पत्र लिहायला बसली आहे. गुडघ्याला शेक देता का? मामींच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत का? हॉटेलातली नवी भट्टी धूर करत होती, ती आता सुधारली का? गल्ल्यावर बसताना पाय लोंबता ठेवू नका, खाली तेलाचा रिकामा डबा घ्या, असं आईनं तीन वेळा लिहायला सांगितलं आहे. मी एकदा लिहिलं, उरलेल्या दोन वेळा तुम्ही धरून चाला. इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत. बोलणं तेवढं बंद आहे, पण त्याचं पुढं येईलच.

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "गंगे, तुमच्याकडं ते आवाजाचं मशीन आणलंय म्हणं. हॉटेलात लावावं म्हणतोय. एका शब्दात सांग, घिऊ का नको?" एका शब्दात सांगायचं तर घ्या. पण मामा, एका शब्दावर माणसानं साधा झाडूसुद्धा घेऊ नये. त्यात आमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर टाकून मध्ये ठेवायची पद्धत आहे, त्यामुळं तेव्हा मला मोकळं बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. येरमाळ्याला तुमच्याच हॉटेलपुढं चहाला थांबणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. त्यांना चहा तुमच्याकडून, असं मी परस्पर कबूल केलं आहे, त्याबद्दल माफी असावी.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. एक चपटं, काळं मशीन असतं, त्याला रिसिव्हर म्हणतात. टीव्हीचा आवाज त्यात जातो, आणि तिथून तो पाच छोट्या स्पीकरांत आणि एका जड लाकडी खोक्यात वाटला जातो. खोकं फक्त धडधडतं. हे स्वस्तातलं मशीन आहे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही फार अपेक्षा ठेवाल. घेण्याआधी मी नऊ दिवस मालकांची मतं वाचली, म्हणजे ज्यांनी हे आधी घेतलं होतं त्यांची. चारशे बारा होती, सगळी वाचली (अर्धी वाचून ठरवणं म्हणजे अर्ध्या पंचांच्या सहीवर पंचनामा करणं). एकानं एकच तारा दिला होता, कारण पार्सल आणणाऱ्या पोरानं त्याला काका म्हटलं. एकानं पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं की खोकं अजून उघडलेलं नाही, पण चांगलंच असणार. एका बाईंचं म्हणणं होतं की आवाज इतका खरा येतो की मालिकेतल्या सासूला त्यांच्या सासूबाई उलट उत्तरं द्यायला लागल्या, तारे तीन. मी ही मतं रोज संध्याकाळी अप्पांना वाचून दाखवत असे. अप्पांचा प्रत्येकाला एकच प्रश्न. "हा कोनाचा? गाव कुठलं?" मी म्हणे, तसं लिहिलेलं नसतं. "मग मानूस म्हाईत न्हाय आन् त्याचं मत घ्यायचं व्हय?" शेवटी लातूरच्या एका मालकानं चार तारे दिले होते, त्याच्या आडनावावरून अप्पांनी आजीच्या माहेरचं एक लांबचं नातं लावलं, आणि त्या नात्याच्या भरवशावर मशीन मागवलं गेलं.

आता मुद्द्यावर येते. अप्पा आणि थोरले काका, म्हणजे आमचे वीरभद्र अण्णा, यांच्या चुली वेगळ्या झाल्याला दोन वर्षं झाली, हे तुम्हाला मी काय सांगणार, तेव्हा पंच तुम्हीच होता. मधली भिंत नंतर आली. मशीन मात्र दोघांनी मिळून घेतलं होतं. आणि मिळून घेतलेली वस्तू आधी वाटायची, मग वापरायची, ही आमच्या घरची रीत. एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. वाटे पाडायचं काम माझ्याकडं आलं, कारण शाळेची पायरी चढलेली घरात पहिली मीच, आणि खोक्यावरचं सगळं इंग्रजीत होतं. रिसिव्हर सामायिक ठेवायचा, विहिरीसारखा, असं दोघांनी ठरवलं. तो आमच्या टीव्हीपाशी राहील आणि वायरी झरोक्यातून पलीकडं जातील. उरलेल्या सहा नगांचे मी बियाणं जोखायच्या काट्यावर तोलून दोन वाटे केले. एका वाट्यात समोरचे दोन स्पीकर आणि मधला लांबट. दुसऱ्या वाट्यात मागचे दोन आणि धडधडं खोकं. अडीच किलोचा फरक राहिला, तो काही केल्या मिटेना, तसं मी अण्णांना आधीच सांगितलं. अण्णांनी दोन्ही वाटे हातांनी उचलून पाहिले आणि जड होता तो घेतला. जड ते भरीव, हा शेतकऱ्याचा हिशोब. त्याला चूक कसं म्हणणार?

मामा, पुढं जे झालं त्यात मशीनचा काडीचा दोष नाही, हे मी ठामपणे लिहिते. माणसं बोलतात ती मधल्या स्पीकरमधून. मागच्या दोघांतून येतो तो फक्त आजूबाजूचा आवाज: वारा, पाऊस, मोटारी, कुत्री, दाराची कडी. अण्णांच्या घरी त्यांच्या टीव्हीवर तेच चॅनल लावायचं, त्याचा आवाज बंद करायचा आणि आपल्या वाट्याचा आवाज झरोक्यातून घ्यायचा, अशी व्यवस्था होती. आमच्याकडं माणसं भांडत, रडत, माफी मागत. अण्णांकडं नुसता गडगडाट. चौथ्या दिवशी अण्णा अंगणात येऊन म्हणाले, "धुळाप्पा, तुझ्या घरात मानसं बोलत्यात आन् माझ्या वाट्याला नुसता पाऊस आला रं." अप्पा म्हणाले, "तूच उचललास की. म्या काय हात धरला व्हता?" अण्णा म्हणाले, वाट्याला आलं ते वापरणारच. आणि वापरू लागले. (स्वतःच्या टीव्हीचा आवाज चालू करा, असं मी सुचवून पाहिलं. "म्हंजी माझा वाटा सोडू व्हय?" असं उत्तर आलं.)

गौराबाई काकूंचे हाल झाले. गडगडलं की त्या वाळवणाच्या कुरडया आत आणायच्या. बाहेर कडक ऊन. कुत्रं भुंकलं की काठी घेऊन परसात. आणि त्या आठवड्यात मालिकेत सारखं कुणी ना कुणी दार वाजवत होतं. काकूंनी अकरा वेळा दार उघडलं (आकडा त्यांनी स्वतः सांगितलेला, मी वाढवलेला नाही). बाराव्या वेळेला त्या उठल्या नाहीत. चुलीपुढूनच ओरडल्या, "वाजीव, वाजीव! आता न्हाय फसायची मी!"

बाहेर बेंबळीचे पाहुणे उभे होते. आमच्या हर्षालीला, म्हणजे अण्णांच्या मुलीला, पाहायला आलेले. पाचला येणार होते, जीप लवकर मिळाली म्हणून साडेतीनलाच पोचले. अण्णा फळं आणायला बाजारात गेले होते. पाहुण्यांनी आणखी दोनदा कडी वाजवली, आणि आतून काकूंनी जे उत्तर दिलं ते मी मोठ्यांना लिहायच्या पत्रात लिहू शकत नाही. तेव्हा ते बिचारे शेजारच्या दाराशी आले, म्हणजे आमच्या. आईनं रीतीप्रमाणं पाय धुवायला पाणी दिलं, बसवलं, मला चहा ठेवायला लावलं. परसातून मी हर्षालीला हाक मारायला गेले, तर ती म्हणाली, साडी सापडत नाही, आईला मी सांगते, तू हो पुढं. मी चहा घेऊन गेले. मुलाच्या वडिलांचं लक्ष रिसिव्हरकडं गेलं. त्यांनी सहज विचारलं, "हे कसं काय हाय, बाळ?" मामा, मला कुणी मत विचारलं की अर्धवट सांगता येत नाही. मी वीस मिनिटं सांगितलं. वायरी आखूड येतात. रिमोटची बटणं बारीक आहेत. फोन जोडता येतो, पण शेजाऱ्याचा आधी जोडला जातो. खोकं फळीवर ठेवलं तर भांडी वाजतात. चारशे बारांपैकी किती जणांची काय तक्रार होती तेही सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मुलगाही ऐकत होता. मग जीपवाला घाई करायला लागला, म्हणून ते उठले. आई समजत होती की हे अण्णांच्या भावाचं घर आहे हे त्यांना माहीत आहे. ते समजत होते की हेच घर. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना निरोप आला की मुलगी पसंत आहे, माहिती फार बारकाईनं सांगते, चहातही साखर बेताची होती. चहात साखर बेताची टाकते ती मी. हर्षाली साखर टाकतच नाही.

अण्णांनी मागचे दोन स्पीकर आणि ते खोकं पोत्यात बांधून आमच्या ओट्यावर आणून ठेवलं. "पाऊस दिलास त्ये चालवून घेतलं," ते अप्पांना म्हणाले, "आता माझ्या दारचे पाव्हणे बी पळवलेस." अप्पा म्हणाले, "म्या काय तुझं दार बंद केलं व्हतं का?" तेव्हापासून आठ दिवस झाले, दोघं बोलत नाहीत. अंगण झाडायचं तर काकू त्यांच्या निम्म्यापर्यंतच झाडतात, आणि मधोमध पडलेलं पिंपळाचं पान कुणीच उचलत नाही.

पोतं उघडल्यावर मी मशीनचं पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचलं (वाटणी आधी झाल्यामुळं ते राहूनच गेलं होतं, ही चूक माझी, मी कबूल करते). त्यात एक चित्र आहे. मध्ये एक माणूस बसलेला, आणि भोवती सगळे स्पीकर त्याच्याकडं तोंड करून. आमच्याकडं मध्ये भिंत बसली होती. मी सहाही नग आमच्या पुढच्या खोलीत चित्राप्रमाणं लावले, आणि मामा, खरंच सांगते, आवाज असा येतो की आई दोनदा मागं वळून बघते. तेव्हा माझं पक्कं मत असं: मशीन चांगलं आहे, दिलेल्या पैशांत उत्तम आहे, तुमच्या हॉटेलात मध्ये भिंत नाही, बिनधास्त घ्या. चार तारे. पाचवा वायरींमुळं गेला.

मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा. मोठ्यांपुढं एवढं लांबण लावलं, ते पोटात घाला.

तुमची भाची,
शिवगंगा

ता. क. एक काम होतं. येत्या बुधवारी तुम्ही इकडं याल का? अण्णा तुमचा शब्द मोडत नाहीत. आलात की अंगणात सगळ्यांसमोर मशीन बघायचं, दोनचारदा कान लावायचा, आणि सांगायचं की हे मशीन मुळातच खराब आहे, अशानं कुणाचेही कान फसतील, यात ना धुळाप्पाचा दोष, ना गौराबाईंचा. बेंबळीच्या पाहुण्यांनाही तसाच निरोप द्यायचा आणि हर्षालीला पाहायला पुन्हा बोलवायचं. वर लिहिलेलं मत खरं आहे, ते बदलत नाही. पण या दोन घरांत ज्याला बोल लावला तर राग येणार नाही असं ते एकटंच आहे.

दुसरी ता. क. हे फक्त तुम्हाला. काकूंना कडी खोटी वाटली, पण हर्षालीला नाही. ती खिडकीपाशीच उभी होती. पाहुणे जीपमधून उतरताना तिनं पाहिले आणि हळूच आमच्याकडं येऊन रिमोटनं आवाज चार घरं वाढवून गेली, म्हणजे खरी कडीही काकूंना मालिकेतलीच वाटावी. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, आणि लग्न ठरलं की कॉलेज बंद असं अण्णा आधीच बोलून गेलेत. मला तिनं शपथ घातली आहे, पण शपथ 'घरात कुणाला सांगू नको' अशी होती. तुम्ही येरमाळ्यात राहता. तेव्हा वर लिहिलेला पाहुण्यांना पुन्हा बोलवायचा भाग विसरलात तरी चालेल. मशीन खराब आहे एवढंच ठासून सांगा.

तिसरी ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हर्षाली आली. पत्र तिला वाचायला दिलं (तिच्याबद्दल लिहिलेलं तिला न दाखवता पाठवणं बरोबर नव्हतं). वाचून ती सरळ अण्णांपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, रिमोटसकट. मी भिंतीला कान लावून होते.  अण्णा म्हणाले, "म्हंजी मशिनीत खोट न्हाय?" हर्षाली म्हणाली, न्हाय. काकू म्हणाल्या, "आन् माझ्या कानात बी न्हाय!" मग कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. नंतर अण्णांनी विचारलं, "परीक्षा किती तारखेला हाय गं?" आता ते आमच्या अंगणात उभे आहेत आणि अप्पांना म्हणताहेत की तो पाऊस कसा वाजतोय ते एकदा नीट ऐकव. मला सहाही स्पीकर सुरू करायला बोलावलंय, म्हणून इथंच थांबते. पहिली ता. क. खोडत नाही, पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही. पण मामा, बुधवारी खोटं बोलायला येऊ नका. जेवायला या.