माझ्या पुरस्काराचा इतिहास

३ ऑगस्ट
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या नटांच्या रोजनिश्या मागे उरतात. ही अर्थात पूर्ण प्रायव्हेट आहे. अक्षर मात्र जरा सुवाच्य काढावं.

घडलंच तसं. दिल्लीची एक संस्था दरवर्षी रंगभूमीवरच्या एका कलावंताला 'रंगसाधक' हा राष्ट्रीय पुरस्कार देते. यंदा त्यांच्या समितीचे एक गृहस्थ अकोल्यात आमचं नाटक पाहायला येणार, असं पत्र आमच्या अमरावतीच्या मंडळाला आलंय. दिग्दर्शक ओमप्रकाश म्हणाला, कोणाला पाहायला येणार ते लिहिलेलं नाही. लिहायचं काय त्यात? नायक मी आहे. वीस वर्षं मीच आहे.

५ ऑगस्ट
मंडळाच्या स्मरणिकेत या पुरस्काराच्या इतिहासावर लेख हवा होता. मीच लिहितो म्हटलं. दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता. इतक्या वर्षांत वऱ्हाडातला एकही नट नाही! घोर अन्याय. एका अर्थी बरंच झालं. पहिला मान मोकळा राहिला.

१० ऑगस्ट
इतिहासातून शिकायला हवं. पहिल्या वर्षी ज्या बाईंना पुरस्कार मिळाला त्या प्रयोगाआधी महिनाभर मौन पाळायच्या. उद्यापासून मौन.

११ ऑगस्ट, सकाळी
चहात साखर नव्हती. मौन संपलं. नीलम म्हणाली, इतकी काय घाई होती, पाळायचं की अजून. बायकोचं प्रोत्साहन म्हणतात ते हे.

१९ ऑगस्ट
आणखी एक विजेते उपाशी माणसाच्या भूमिकेसाठी एकदाच जेवायचे. मीही एकदाच. दह्यातला गिला वडा जेवणात धरत नाहीत.

२ सप्टेंबर
रिहर्सल. शेवटच्या प्रवेशात मी मरतो आणि माझी बायको झालेली शकुन उशाशी बसलेली असते. मी गेल्यावर तिला तीन वाक्यं आहेत. शकुन एसटीत कंडक्टर, धारणीच्या गाडीवर. आवाज मोठा, भीड कोणाची नाही. मी सध्या मरण फुलवतोय. आज खोकला, मग बालपणाची आठवण, मग पुन्हा खोकला, असं बसवलं. मधेच शकुन म्हणाली, "धर्मपालभाऊ, लवकर मरा ना. मले ड्युटीवर जायचं हाय." सगळे हसले. अशा वातावरणात कला कशी वाढणार?
तिला बजावलं, फोकस माझ्यावर हवा, तू हलू नकोस. "नाई हालत," म्हणाली.

१४ सप्टेंबर
दिल्लीसाठी सूट शिवायला टाकला. टेलरने विचारलं, लग्न कोणाचं? म्हटलं, सध्या गुप्त आहे. त्याने नीलमला फोन केला. संध्याकाळ त्यातच गेली.

२० सप्टेंबर, अकोला
प्रयोग झाला! समितीचे गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. मी मरणात सगळं ओतलं. ओमप्रकाश म्हणतो पाव तास मेलास. मला दोन मिनिटं वाटली. मागून कोणीतरी ओरडलं, "मेला का नाई बे अजून?" प्रेक्षक गुंतले की असं होतं.
डोळे मिटलेले असल्यामुळे पुढचं दिसलं नाही. शकुनची वाक्यं काही ऐकू आली नाहीत, विसरली बहुतेक. नुसती शांतता. मग कोणीतरी नाक ओढलं, मग आणखी कोणीतरी. माझ्या मरणाचा परिणाम इतका वेळ टिकला.
नंतर गृहस्थ आत आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आप बहुत देर तक मरे." शब्द जपून ठेवतोय. मग ते शकुनशी बराच वेळ बोलत बसले. माझ्याविषयीच असणार. तिला विचारलं, तर म्हणाली, "तुमचं नाव नाई निघालं, भाऊ." कोणाला सांगू नका म्हणाले असतील.

११ नोव्हेंबर
पुरस्कार जाहीर. शकुनला.
ओमप्रकाशने वाचून दाखवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या म्हणे. आठवत नाही. नंतर तिला विचारलं, त्या दिवशी वाक्यं का बोलली नाहीस? म्हणाली, "तुमी मेले अन् मले समजेचना का काय बोलू. माहा बाप गेला तवाबी असंच झालं होतं."
घरी येताना स्कूटर हातात धरून चालत आलो. पेट्रोल होतं.

१३ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. मी मेलोच नसतो तर ती गप्प कशाला बसली असती? म्हणजे निम्मा पुरस्कार माझा. लेखाच्या शेवटी तसं लिहिलं. ओमप्रकाशने तेवढंच वाक्य खोडलं.

१५ नोव्हेंबर
शकुन घरी आली. "दिल्लीले मी एकटी नाई जात. तुमी अन् वहिनी चाला." बघतो, ऑफिसात कामं आहेत म्हटलं. नीलमने तोवर रिझर्वेशन केलं होतं.

८ डिसेंबर, दिल्ली
सोहळा. नाव पुकारलं आणि शकुन उठेचना. भरल्या गाडीत माणसं मागे सरकवणारी बाई, खुर्चीचा हात सोडेना. "भाऊ, मले सोडू नका." हात धरून स्टेजच्या पायऱ्या चढवल्या. वर तिथल्या माणसाने मला खूण केली, बाजूला व्हा. झालो, तिच्या कोपराखालचा हात तेवढा तसाच ठेवून.

१० डिसेंबर, अमरावती
पेपरात फोटो आलाय. शकुन, प्रमुख पाहुणे, मानचिन्ह. डाव्या कडेला तिच्या कोपराखाली कोणाचा तरी हात, मनगटापर्यंतच. बाकीचा कापलाय.
पेपर ऑफिसात नेला. सगळ्यांनी पाहिला, शकुनचं कौतुक केलं. हात कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहून शेवटी मीच सांगितलं.
हात चांगला आलाय.